चार पानांचा अर्ज: पान बदललं तरी भरलेली माहिती ब्राउझरमध्ये टिकवायची कशी?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. एका संस्थेच्या ऑनलाइन अर्जाचं काम अंगावर आलंय. अर्ज चार पानांचा. पहिल्यावर वैयक्तिक माहिती, दुसऱ्यावर शिक्षण, तिसऱ्यावर फोटो आणि कागदपत्रं, चौथ्यावर सगळं एकत्र दाखवून ‘सादर करा’. प्रत्येक पान म्हणजे वेगळी एचटीएमएल फाइल, वेगळा यूआरएल. रिअ‍ॅक्टबिअ‍ॅक्ट काही नाही, साधं जावास्क्रिप्ट. सर्व्हरची बाजू दुसऱ्या टीमकडे आहे आणि त्यांचं म्हणणं एकच, “शेवटी एकदाच पूर्ण अर्ज पाठवा, अर्धामुर्धा आमच्याकडे नको.” म्हणजे मधल्या काळात माहिती सांभाळायची ती ब्राउझरनेच.

सध्या असं करते: ‘पुढे’ दाबलं की फॉर्ममधलं सगळं एका ऑब्जेक्टमध्ये गोळा करायचं, जेसन.स्ट्रिंगिफायमधून काढून त्याची स्ट्रिंग (नुसता मजकूर) करायची आणि लोकलस्टोरेज या ब्राउझरच्या साठवणीत ‘अर्ज’ या नावाखाली टाकायची. पुढचं पान उघडलं की तिथून वाचायचं. माझ्याकडे व्यवस्थित चालतं. टेस्टिंगवाल्यांकडून मात्र हे आलंय:

दोन टॅबमध्ये दोन वेगळ्या माणसांचे अर्ज भरायला घेतले, तर शेवटच्या पानावर नाव एकाचं आणि शिक्षण दुसऱ्याचं. एकाने अर्ज अर्धवट सोडून ब्राउझर बंद केला आणि त्याच संगणकावर दुसरा बसला, तर आधीच्याचा पत्ता, फोन नंबर सगळं त्याच्यासमोर हजर. फोटो चौथ्या पानावर पोचतच नाही, कन्सोलमध्ये नुसता रिकामा महिरपी कंस दिसतो. आणि काही मशीनवर जन्मतारीख एक दिवस मागे जाते. ही शेवटची भानगड काय आहे ते मला अजिबात कळलेलं नाही.

कुठून सुरुवात करू? शोधलं तर कुकी, लोकलस्टोरेज, सेशनस्टोरेज, इंडेक्स्डडीबी अशी नावं भराभर सापडतात, पण माझ्या कामाला कुठलं आणि का, ते कुणी सांगत नाही.

रिफ्रेशदास:

लोकलस्टोरेजच्या जागी सेशनस्टोरेज लिहा. दोन्हींच्या मेथड सारख्याच आहेत, शोधा-बदला केलं की झालं. विषय संपला.

जुना_टॅब:

रिफ्रेशदास, औषध बरोबर आहे. विषय मात्र संपत नाही. त्याने चारपैकी एक तक्रार पूर्ण जाईल आणि एक अर्धी. फोटो आणि तारीख आहेत तिथेच राहतील. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पान बदललं की आधीच्या पानाचं जावास्क्रिप्ट त्याच्या सगळ्या व्हेरिएबलसकट संपतं. एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक विनंती त्याच्यासाठी पहिलीच. म्हणून तर १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून विनंतीबरोबर परत पाठवायची छोटी चिठ्ठी, आणली. तेव्हापासून आजवर जे जे आलं, ते या एकाच विसराळूपणावरचे उपाय आहेत. पण प्रत्येक उपायाचा मालक वेगळा आणि आयुष्य वेगळं. त्यामुळे ‘कुठे ठेवू’ हे नंतर ठरवा. आधी ही माहिती कुणाची आहे ते ठरवा: या टॅबची, या ब्राउझरची, की या माणसाची? आणि ती कधी मेली पाहिजे?

तुमचा अर्धवट अर्ज हा टॅबचा आहे. एका टॅबमध्ये एक अर्ज, टॅब गेला की अर्जही गेला. लोकलस्टोरेज आहे ओरिजिनचं. म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट हे तिन्ही सारखे असले की त्या ब्राउझरमधल्या सगळ्या टॅबांना एकच कप्पा. दोन टॅब एकाच ‘अर्ज’ नावावर लिहिणार आणि जो नंतर लिहील तो जिंकणार, तुमची खिचडी इथेच होते. वर लोकलस्टोरेजला मुदत नसते, ब्राउझर बंद केला तरी ते तसंच राहतं. पुढच्या माणसाला आधीच्याचा पत्ता दिसतो तो त्यामुळे.

सेशनस्टोरेज टॅबचं. रिफ्रेश केलं तरी राहतं, त्याच टॅबमध्ये दुसऱ्या साइटवर जाऊन परत आलात तरी राहतं, टॅब बंद केला की जातं. आता याच्या खाचाखोचा, कारण टेस्टिंगवाले तुम्हाला इथेच पकडणार आहेत.

टॅबवर उजवं क्लिक करून ‘डुप्लिकेट’ केलं की सेशनस्टोरेजची प्रत नव्या टॅबमध्ये जाते. दोघांचा संबंध तिथेच तुटतो, एकात लिहिलेलं दुसऱ्यात जात नाही, म्हणजे खिचडी होत नाही. पण एकच अर्ज दोनदा सादर होऊ शकतो. विंडो.ओपनने उघडलेल्या टॅबलाही अशी प्रत मिळते. टार्गेट ब्लँकवाल्या, म्हणजे नव्या टॅबात उघडणाऱ्या, लिंकला मात्र आता मिळत नाही. अशा लिंकला नोओपनर (नव्या टॅबचा उघडणाऱ्या टॅबशी संबंध तोडणारी खूण) आपोआप लागू झालं आणि क्रोमने ८९व्या आवृत्तीपासून तिथे प्रत देणं थांबवलं. जुने लेख वाचून कोड लिहिलात तर इथे डोकं आपटाल. तुमच्या अर्जात ई-मेल पडताळणीची लिंक असेल तर आणखी एक: ती लिंक मेलमधून नव्या टॅबात उघडते, आणि तिथे सेशनस्टोरेज कोरं करकरीत असतं. माणूस म्हणतो, माझा अर्ज उडाला. उडालेला नसतो, शेजारच्या टॅबमध्ये असतो. लिंकऐवजी कोड पाठवा आणि तो आहे त्याच पानावर टाकायला सांगा.

दुबार सादर होण्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या पानावर अर्ज सुरू होतानाच क्रिप्टो.रँडमयूयूआयडीने एक ओळखक्रमांक तयार करून सेशनस्टोरेजमध्ये ठेवा आणि शेवटी अर्जाबरोबर पाठवा. टॅबची प्रत काढली तरी क्रमांक तोच जाईल आणि सर्व्हरला दुसरा अर्ज नाकारता येईल. एवढं तरी सर्व्हरवाल्यांकडून करून घ्या. हे फंक्शन फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालतं, तेवढं लक्षात असू द्या. हा क्रमांक फोटोसाठीही लागणार आहे.

दुसऱ्या माणसाला माहिती दिसण्याची तक्रार सेशनस्टोरेजने अर्धीच का जाते? कारण लोक टॅब बंद न करता उठून जातात. शिवाय बंद केलेला टॅब ‘पुन्हा उघडा’ म्हटलं की सेशनस्टोरेज बहुतेक वेळा परत येतं. म्हणून प्रत्येक वेळी लिहिताना शेजारी वेळही लिहा. वाचताना अर्ध्या तासापेक्षा जुनं निघालं तर दाखवू नका, पुसून टाका. आणि प्रत्येक पानावर ‘अर्ज रद्द करा आणि माहिती पुसा’ असं ठसठशीत बटण द्या. कोपऱ्यातल्या मेनूत लपवू नका.

आता तारखेची भुताटकी. तुम्ही जन्मतारखेचं डेट ऑब्जेक्ट करून मग स्ट्रिंगिफाय करत असणार. समजा १२ मे १९९८. न्यू डेटला वर्ष, महिना, दिवस दिले की त्या मशीनच्या स्थानिक वेळेनुसार १२ मेच्या मध्यरात्रीचं ऑब्जेक्ट तयार होतं. स्ट्रिंगिफाय करताना त्याचं रूपांतर यूटीसीत, म्हणजे ग्रीनविचच्या प्रमाणवेळेत, होतं. ग्रीनविचच्या दोन तास पुढे असलेल्या मशीनवर ही वेळ होते ११ मे, रात्रीचे २२:००. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून दाखवलीत की माणूस एक दिवस आधी जन्मला. ज्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर आहे तिथे हे कधीच दिसणार नाही. पश्चिमेकडे याच्या उलट गंमत: नुसती ‘१९९८-०५-१२’ अशी स्ट्रिंग न्यू डेटला दिली की ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते आणि स्थानिक वेळेत दाखवताना ११ तारीख येते. उपाय असा की जन्मतारखेला डेट ऑब्जेक्टच्या वाटेला जाऊच देऊ नका. इनपुटचा प्रकार डेट असेल तर त्याची व्हॅल्यू मुळात वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंगच असते. ती जशीच्या तशी ठेवा, तशीच पाठवा. जन्मतारखेला टाइमझोन नसतो.

जेसनच्या अशा आणखी खोड्या आहेत. अनडिफाइन्ड व्हॅल्यू असलेला गुणधर्म गुपचूप गळतो. मॅप आणि सेट रिकामे होऊन येतात. आणि फाइल ऑब्जेक्टचा होतो रिकामा महिरपी कंस. तुमचा फोटो हाच. त्यावर वेगळा प्रतिसाद टाकतो, हा लांबला.

कंसातली:

जुना_टॅब यांच्याशी बहुतांशी सहमत. पण मला मुळातच एक खटकतंय. ‘अर्धामुर्धा आमच्याकडे नको’ हे सर्व्हर टीमचं वाक्य सगळ्यांनी देववाक्य म्हणून का घेतलंय?

यात ओळखीची कागदपत्रं आहेत. ब्राउझरमध्ये ठेवलेलं काहीही त्या ओरिजिनवर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला वाचता येतं. तुमच्या पानावर चॅटचं विजेट, भेटी मोजणारं स्क्रिप्ट, नकाशा असं बाहेरचं काही असेल तर त्या सगळ्यांना सेशनस्टोरेज, लोकलस्टोरेज, इंडेक्स्डडीबी उघडं आहे. कुठे एका जागी एक्सएसएस (परक्याला आपलं स्क्रिप्ट पानात घुसवू देणारा दोष) राहिला तर एका ओळीत सगळं बाहेर जातं. एन्क्रिप्ट करून ठेवू म्हणाल, तर किल्ली कुठे ठेवणार? त्याच पानात.

सरळ रस्ता असा: पहिलं पान भरलं की मसुदा सर्व्हरवर, ब्राउझरकडे फक्त सेशनचा क्रमांक, तोही कुकीत. कुकीवर एचटीटीपीओन्ली लावा, म्हणजे जावास्क्रिप्टला ती दिसत नाही. सिक्युअर लावा, म्हणजे एचटीटीपीएसशिवाय जात नाही. सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांबरोबर कुकी न पाठवण्याची सूचना) स्वतः लिहा, ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. कुणी सांगेल की मग अर्जच कुकीत भरा. तसं करू नका. एका कुकीला साधारण ४०९६ बाइटची मर्यादा आहे आणि ती प्रत्येक विनंतीबरोबर सर्व्हरकडे जाते, अगदी लोगोचं चित्र मागवतानासुद्धा.

लॉगिन टोकन लोकलस्टोरेजमध्ये ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. तुम्ही विचारलं नाहीत, पण अशा चर्चेत कुणीतरी तो सल्ला देतंच, म्हणून आधीच लिहिलं.

अर्धविराम:

जुना_टॅब, तारखेचं अगदी तंतोतंत निघालं. माझं काम दूरच्या मशीनवर चालतं आणि तिथलं घड्याळ यूटीसीवर आहे. टेस्टिंगवाल्यांची स्वतःच्या वेळेवर. स्ट्रिंग तशीच ठेवून पाहिली, तक्रार बंद.

कंसातली, सर्व्हर टीमशी पुन्हा बोलले. मजकुराचा मसुदा पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हणतायत, आत्ता नाही. ओळखक्रमांकावरून दुबार अर्ज नाकारायला मात्र तयार झाले. बाहेरची स्क्रिप्ट या चार पानांवरून काढून टाकायला मीच सांगितलंय, तेवढं माझ्या हातात आहे.

फोटोचं सांगा ना. बेस६४ करून (फाइलचा साधा मजकूर बनवून) सेशनस्टोरेजमध्ये टाकला तर एक जातो, मग दुसरं कागदपत्र टाकताना एरर येते.

जुना_टॅब:

ती एरर कोटा संपल्याची. या दोन्ही स्टोरेजना ओरिजिनमागे साधारण ५ एमबी मिळतात, आणि बेस६४ केलं की फाइल एक तृतीयांशाने फुगते. फोनच्या कॅमेऱ्यातला एक फोटो आला की खेळ खलास. शिवाय ही दोन्ही सिंक्रोनस आहेत, म्हणजे ती मोठी स्ट्रिंग लिहून होईपर्यंत पान गोठतं. थोडक्यात, ही चिठ्ठ्या ठेवायची जागा आहे, ट्रंका ठेवायची नव्हे.

फाइलसाठी इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधला डेटाबेस. त्यात फाइल किंवा ब्लॉब (कच्च्या डेटाचा गठ्ठा) ऑब्जेक्ट जसाच्या तसा ठेवता येतो. जेसन नको, बेस६४ नको. जागाही मुबलक असते. क्रोम एका ओरिजिनला डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत देऊ करतं. एपीआय कंटाळवाणं आहे यात वाद नाही. त्यावरची एखादी लहानशी प्रॉमिसवाली लायब्ररी घेतलीत तरी चालेल.

तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं. इंडेक्स्डडीबीचं ट्रान्झॅक्शन (वाचण्या-लिहिण्याचा एक व्यवहार) तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच्याकडे करायला काही उरलं नाही की ते स्वतःहून बंद होतं. लोक काय करतात, आधी ट्रान्झॅक्शन उघडतात, मग अवेट लावून फोटो लहान करतात, मग पुट करायला (आत लिहायला) जातात. तोवर ट्रान्झॅक्शन संपलेलं असतं आणि ते निष्क्रिय असल्याची एरर येते. ही एरर लहान फोटोवर आणि मोठ्या फोटोवर सारखीच येते, तरी लोक फोटोच्या आकारालाच दोष देत बसतात. क्रम उलटा करा. फोटो लहान करणं, नाव ठरवणं, तपासणी, सगळं आधी उरकून घ्या. मग ट्रान्झॅक्शन उघडा, लगेच पुट, आणि ट्रान्झॅक्शनचा कंप्लीट इव्हेंट आला की मगच पुढच्या पानावर जा. पुटची विनंती यशस्वी झाली एवढ्यावर निघालात तर कधीतरी माहिती मागे राहील.

दुसरं. फोटोची झलक दाखवायला यूआरएल.क्रिएटऑब्जेक्टयूआरएल वापराल, त्यातून ब्लॉबने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. तो सेशनस्टोरेजमध्ये जपून ठेवून पुढच्या पानावर चित्राला लावायचा मोह होईल. चालणार नाही. तो पत्ता ज्या पानाने तयार केला त्या पानाबरोबरच मरतो. चौथ्या पानावर इंडेक्स्डडीबीतून ब्लॉब काढा आणि तिथे नवा पत्ता तयार करा.

तिसरं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. इंडेक्स्डडीबी पुन्हा ओरिजिनची आहे, टॅबची नाही. म्हणजे जी तक्रार दारातून घालवली ती खिडकीतून परत येते. म्हणून फोटो ‘फोटो’ या नावाखाली ठेवू नका, त्या अर्जाच्या ओळखक्रमांकाखाली ठेवा. टॅब बंद केला की क्रमांक सेशनस्टोरेजबरोबर जाईल, पण फोटो डिस्कवर बेवारस पडून राहील. तो पुसायचं काम कुणीच करणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. पहिलं पान उघडलं की आत बघा, आणि एका दिवसापेक्षा जुने जेवढे फोटो-कागदपत्रं असतील तेवढे काढून टाका. सादर झाल्यावर किंवा रद्द केल्यावर तर लगेच. कंसातली म्हणतात तो धोका यामुळे संपत नाही, त्याची मुदत कमी होते.

सफारी २०२० पासून आणखी एक करते: माणूस साइटवर फिरकला नाही आणि त्याचे ब्राउझर वापरण्याचे सात दिवस उलटले, तर स्क्रिप्टने लिहिलेलं स्टोरेज साफ. तुम्हाला ते फायद्याचंच आहे. पण महिनाभर मसुदा राहील असं कुणाला सांगू नका.

आणि लिहिता कधी? फक्त ‘पुढे’ दाबल्यावर लिहिलंत तर अर्धं पान भरून चुकून रिफ्रेश करणारा माणूस तुम्हाला शिव्या देणार. टायपिंग थोडं थांबलं की लिहा, आणि व्हिजिबिलिटीचेंजमध्ये पान दिसेनासं झालं की पुन्हा एकदा लिहा. पान बंद होण्याआधी येणाऱ्या बीफोरअनलोड इव्हेंटवर विसंबू नका. फोनवर माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि सिस्टिम तुमचा टॅब मागच्या मागे मारून टाकते, तेव्हा तो इव्हेंट येतच नाही. सेशनस्टोरेज सिंक्रोनस आहे याचा इथे उपयोग होतो, लिहिलं म्हणजे लिहिलं. इंडेक्स्डडीबीत शेवटच्या क्षणी लिहायला गेलात तर पूर्ण होईलच असं नाही, म्हणून फोटो निवडल्या निवडल्या टाका.

चौथाकोन:

मध्येच बोलतो. मुळात चार वेगळी पानं हवीतच कशाला? एकच पान, त्यात चार फील्डसेट (फॉर्मचे गट), तीन लपवलेले. ‘पुढे’ दाबलं की एक लपतो, दुसरा दिसतो. यूआरएल बदलायला हिस्टरी.पुशस्टेट. पान बदलतच नाही, त्यामुळे फाइल इनपुटमधली फाइल आहे तिथेच राहते, इंडेक्स्डडीबीचा सगळा संसार वाचतो.

एक मात्र बघा. लपवलेल्या फील्डसेटमधला रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं असलेला) रकाना रिकामा असेल तर सादर करताना ब्राउझर अडतो, पण इशारा कुठे दाखवणार? रकानाच लपलेला. मग बटण दाबलं तरी काहीच होत नाही असं वाटतं, कन्सोलमध्ये तेवढं ‘फोकस करता येत नाही’ असं येतं. म्हणून प्रत्येक पायरीवर त्या त्या फील्डसेटमधले रकाने तपासूनच पुढे सोडायचं.

जुना_टॅब:

+१. नवीन काम असतं तर मीही हेच सांगितलं असतं. रिफ्रेशसाठी सेशनस्टोरेज तरीही लागेल, फोटो रिफ्रेशमध्ये जाईल, तो पुन्हा निवडायला सांगायचा. बऱ्याच ठिकाणी तेवढं चालून जातं.

अर्धविराम:

चौथाकोन, कल्पना आवडली, पण पानांचे साचे संस्थेच्या ठरलेल्या प्रणालीतून येतात. एका पानात चार पायऱ्या बसवायच्या तर त्यांची परवानगी, मग पुन्हा टेस्टिंग. या खेपेला चार पानंच राहणार.

सेशनस्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी असं जोडून पाहिलं. दोन टॅबची खिचडी गेली, फोटो पोचला. आता नवीन प्रकार. चौथ्या पानावर ‘बदला’ दाबून पहिल्या पानावर गेले, आडनाव दुरुस्त केलं, आणि ‘पुढे’ न दाबता ब्राउझरच्या बॅक बटणाने परत चौथ्यावर आले. तिथे जुनंच आडनाव! सेशनस्टोरेजमध्ये नवीन आहे, मी उघडून पाहिलं. रिफ्रेश केलं की बरोबर दिसतं. टेस्टिंगमधल्या एकीकडे मात्र हे होतच नाही.

रिफ्रेशदास:

मग रिफ्रेश करा :)

जुना_टॅब:

रिफ्रेशदास, तुमच्या नावाला जागलात.

अर्धविराम, ही मागे-पुढेची कॅश. मागे गेलात की ब्राउझर पान नव्याने उघडत नाही. निघताना ते पूर्ण पान, जावास्क्रिप्टच्या मेमरीसकट, गोठवून ठेवलेलं असतं, तेच वितळवून समोर ठेवतो. लोड किंवा डीओएमकंटेंटलोडेड पुन्हा येत नाही, त्यामुळे तुमचं वाचून दाखवणारं फंक्शन चालतच नाही. फायरफॉक्स आणि सफारीत हे फार आधीपासून आहे, डेस्कटॉप क्रोममध्ये २०२१ साली ९६व्या आवृत्तीत आलं. ज्यांच्याकडे होत नाही त्यांच्या ब्राउझरने काही कारणाने पान कॅशमध्ये घेतलेलं नाही. एखाद्या एक्स्टेंशनने अनलोड इव्हेंट लावून ठेवला तरी तसं होऊ शकतं. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये अ‍ॅप्लिकेशन विभागात या कॅशची चाचणी आहे, ती कारणासकट सांगते.

कॅश बंद पाडायच्या नादाला लागू नका. मुद्दाम अनलोड लावणारे मी पाहिलेत, ते बॅक बटण सगळ्यांसाठी हळू करून ठेवतात. दाखवायचं सगळं काम एका फंक्शनमध्ये घाला आणि ते पेजशो इव्हेंटला जोडा. पेजशो पहिल्यांदा पान उघडतानाही येतो आणि कॅशमधून परत येतानाही. दोन्हींत फरक करायचाच असेल तर त्याच्या पर्सिस्टेड गुणधर्माकडे बघा, पण तुम्हाला गरज नाही. प्रत्येक वेळी स्टोरेजमधून ताजं वाचून दाखवा.

कंसातली:

याच्याच पुढची गोष्ट, आणि सार्वजनिक संगणकावर हीच जास्त महागात पडेल. अर्ज सादर झाला, तुम्ही स्टोरेज पुसलंत, धन्यवादाचं पान आलं. माणूस उठून गेला. पुढचा बसला आणि त्याने बॅक दाबलं. चौथं पान कॅशमधून जसंच्या तसं परत, नाव-पत्त्यासकट. स्टोरेज रिकामं आहे, पण पडद्यावर सगळं दिसतंय.

जुना_टॅब:

बरोबर, ते राहिलं होतं. सादर झाल्यावर धन्यवादाच्या पानावर जायला लोकेशन.रिप्लेस वापरा, म्हणजे इतिहासात चौथ्या पानाची जागा तेच घेतं. आधीची तीन पानं तरीही इतिहासात उरतात. म्हणून त्याच पेजशोच्या फंक्शनमध्ये सगळ्यात आधी हे बघा: सेशनस्टोरेजमध्ये अर्जाचा ओळखक्रमांक आहे का? नसेल तर फॉर्म रिसेट करा, भरून दाखवलेला मजकूर आणि फोटो काढा, आणि पहिल्या पानावर पाठवा, तेही रिप्लेसनेच. पहिल्या पानावर अर्थातच पुढे पाठवायचं नाही, तिथे रिकामा फॉर्म आणि ‘अर्ज सुरू करा’. क्रमांक ते बटण दाबल्यावरच तयार होऊ द्या, पान उघडल्या उघडल्या नको, नाहीतर बॅक दाबत मागे आलेल्याला नवा क्रमांक मिळेल आणि ही तपासणी फुकट जाईल.

फॉर्मवर ऑटोकम्प्लीट ऑफ लावा. नाहीतर तुम्ही पुसलेलं ब्राउझर स्वतःच्या आठवणीतून भरून देईल, विशेषतः फायरफॉक्स रिफ्रेशनंतर. आणि सेशनस्टोरेजला हात लावणारा प्रत्येक कोड ट्राय-कॅचमध्ये ठेवा. काहींनी ब्राउझरमध्ये सगळ्या कुकी बंद केलेल्या असतात. तिथे क्रोममध्ये नुसतं सेशनस्टोरेज हे नाव घेतलं तरी एरर फेकली जाते आणि पुढचं स्क्रिप्ट जागीच थांबतं. त्या लोकांना ‘या ब्राउझरमध्ये अर्ज भरता येणार नाही, कुकीची परवानगी द्या’ असा संदेश पहिल्याच पानावर द्या, चौथ्यावर नव्हे.

अर्धविराम:

पेजशोवर हलवलं, आडनाव बरोबर येतंय. बटण दाबल्यावर क्रमांक तयार करायचा बदल आत्ताच टेस्टिंगला पाठवला, कुकी बंद करून बघायलाही सांगितलंय. ई-मेल पडताळणीचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, लिंकच जाते. कोड पाठवायचा तर मेलचा साचा सर्व्हरवाल्यांकडे आहे, त्यांना कळवलंय.

कंसातली:

कोड सहा आकडी असेल तर चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालायला सांगा त्यांना. आणि ती मर्यादा सर्व्हरवर मोजायची. सेशनस्टोरेजमध्ये मोजलीत तर नवा टॅब उघडला की गणती शून्यावर.